समुद्र बंद असतो त्या दिवशी

एकोणपन्नासावा दिवस अलीकडे ओढला तर चालतो, पलीकडे ढकललेला चालत नाही. तोवर गेलेला माणूस घराच्या वळचणीला रेंगाळत असतो, त्यानंतर तो पार होतो आणि मग कितीही हाका मारा, ऐकणारं कुणी नसतं. हिदाकांच्या घरात हे पोरासोरांनाही पाठ होतं. म्हणूनच योशिरोनं फार हुशारीनं हिशेब मांडला होता. बेटावरून सुटणारं रॉकेट रविवारी जाणार, सोमवारपासून समुद्र मोकळा, बाबांचा दिवस बुधवारी, त्या दिवशी त्यांची राख समुद्रात सोडायची. भटजींना सांगून झालं, बहीण सेत्सुकोनं कागोशिमाहून बोटीचं तिकीट काढलं, योशिरोची बायको नाओनं डाळी भिजवल्या.

आणि शनिवारी ढग आले. आता ढगांना कोण काय बोलणार!

मंगळवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते तेव्हा काझुमा आला. घरातलं शेंडेफळ, वय झालं तरी शेंडेफळच. रॉकेट उडायच्या दिवशी बंद समुद्रात कुठली होडी शिरत नाही ना, ते पाहणाऱ्या पहाऱ्याच्या बोटीवर तो कामाला होता. त्यानं बूट काढले, आधी पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या बाबांच्या अस्थींपुढं उदबत्ती लावली, घंटा वाजवली आणि तसाच पाठमोरा म्हणाला, "उद्या ठरलंय. दुपारी एकच्या सुमाराला. पहाटेपासून समुद्र बंद."

हातातल्या जेवणाच्या काड्या सगळ्यांनी खाली ठेवल्या.

"उद्या म्हणजे बुधवारी?" योशिरोनं विचारलं.

"मंगळवारनंतर अजून तरी बुधवारच येतो, दादा."

"थट्टा करायची ही वेळ आहे का?" सेत्सुको म्हणाली. "परवा नाही का जमत त्यांना?"

"ताई, ही काही आपली बोट नाही, आज नाही तर उद्या सुटली. रॉकेटला ज्या लघुग्रहावर जायचंय, तो आकाशातला दगडही फिरत असतो, आपणही फिरत असतो. जायची वेळ क्षणभराची असते, आणि तीही ह्याच चार-पाच दिवसांत. पुढं वारा आहे. हुकली की मग कित्येक वर्षं नाही." काझुमानं पाटावर बैठक मारली. "रॉकेट गेलं की तासाभरात समुद्र उघडतील. आपण तेव्हा निघू."

"तेव्हा वारा असेल," योशिरो म्हणाला. "दोननंतर वायव्येचा. मी सकाळीच पाहिलंय. आज निघावं तर बाहेर लाटाच मोठ्या आहेत."

हे ऐकल्यावर मात्र सगळ्यांनी आईकडं पाहिलं. पाहायला नको होतं, पण पाहिलं.

हात्सुए रताळं सोलत होती. तिच्या थोरल्याचं, मित्सुगुचं असंच झालं होतं. उडत्या माशांचे दिवस होते, ऐन भराचे. रॉकेटसाठी समुद्र बंद होता. सकाळी धक्क्यावर मित्सुगु होडीत चढला आणि त्याच्या बापानं, इवाओनं, त्याला हाताला धरून खाली उतरवलं. इवाओ तेव्हा मच्छीमार संघाचा प्रमुख होता. समुद्र केव्हा बंद, केव्हा उघडा, त्या करारावर सही त्याचीच. 'उतर म्हटलं ना, शब्द दिलाय' म्हणाला. दुपारी समुद्र उघडला, गेलेला दिवस भरून काढायला मित्सुगु निघाला, आणि वारा फिरला. खडकांच्या ओळीपाशी होडी उलटी सापडली. तो सापडला नाही. त्या दिवसापासून हात्सुए नवऱ्याशी कामापुरतं बोलली. मीठ दे, पाऊस येतोय, डॉक्टरकडं जायचंय. सत्तावीस वर्षं एका छपराखाली असं राहायचं म्हणजे काही खायचं काम नाही, पण तिनं ते केलं.

"दुपारनंतर कुणी जाणार नाही," ती रताळ्याकडं बघत म्हणाली. "पहाटे जायचं. मीही येणार."

"आई, पहाटे समुद्र बंद आहे."

"ऐकू आलं मला."

"अगं, आत एक होडी दिसली तर उड्डाण थांबवतात! उद्या सुट्टी आहे मला, पण माझ्या जागी जो असेल त्याला आपली होडी थांबवावीच लागेल. आणि आपण नाही थांबलो तर..." काझुमाचा आवाज चढला, मग अस्थींकडं लक्ष जाऊन उतरला. "चारशे-पाचशे माणसं दहा वर्षं ह्याच्यामागं राबलीत. त्या दगडावरची माती आणायचीय. पृथ्वीवर पाणी कुठून आलं ते तिच्यातून कळेल म्हणतात."

"पाणी कुठून आलं ते राहू दे," योशिरो म्हणाला. "मासे कुठं गेले तेवढं विचार त्यांना."

सेत्सुकोला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. ती वृद्धाश्रमात काम करायची. आल्यापासून तिचं काझुमाशी बरं चाललं होतं, बालपणी दोघांची गट्टीच होती. आता ती हळूच योशिरोच्या बाजूला सरकली. "काझुमा, खरं सांगू? आमच्याकडं रात्री तीस म्हाताऱ्यांमागं एक बाई असते. माणूस वाढवा म्हटलं की सरकार म्हणतं पैसे नाहीत. आणि एका दगडावरच्या मातीला आहेत? आणणार तरी किती? टोपलीभर?"

"मूठभर," काझुमा म्हणाला. "मूठभरसुद्धा नाही. चिमूटभर."

"बघ!"

"बघ काय? पैसे काही रॉकेटात भरून जाळत नाहीत, ताई. हा रस्ता कुणामुळं झाला? शाळा टिकली ती कुणामुळं? दादाच्या होडीवर वाऱ्याची बातमी येते ती कुठून येते? वरूनच ना?"

"ती येते ते बरंच आहे," योशिरो म्हणाला. "त्याला कोण नाही म्हणतंय? तो उपग्रह वेगळा, हा दगड वेगळा. दगडानं कुणाचं घर वाचणार आहे?"

"माहीत नाही," काझुमा म्हणाला. "माहीत नाही म्हणूनच जायचं असतं."

"किती दिवस लागणार आणायला?" हे आईनं विचारलं. तिनं विचारावं ह्याचं सगळ्यांनाच नवल वाटलं.

"जाऊन यायला सहा वर्षं."

हात्सुएनं सुरी खाली ठेवली. "चिमूटभर मातीसाठी सहा वर्षं जातील, येतील, अंधारात शोधत बसतील. आणि माझं पोर इथं, ह्या समोरच्या पाण्यात होतं. आठवडाभर शोधलं आणि म्हणाले, बाई, आता काही उपयोग नाही. एक हाड आणून दिलं नाही मला कुणी." तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "त्याच्या थडग्यात मी त्याची नाळ ठेवली, जन्मल्यावर जपून ठेवलेली. दुसरं होतं काय माझ्याकडं? तुमच्या बाबानं त्याला त्या वाऱ्यात जाऊ दिलं. उद्या पार व्हायच्या आधी त्यानं जावं पोराकडं. जाऊन म्हणावं, चल घरी. एवढं एक काम करावं त्यानं माझं."

आजवर मुलांना वाटत होतं की बाबांची चिमूटभर राख समुद्रात सोडायची ती मायेपोटी. नाओ उठली आणि उगाचच चहाची किटली भरायला गेली.

*

योशिरो संध्याकाळपर्यंत होडीत होता. डिझेल भरलं, दोर पाहिले, आईला बसायला गादी बांधली. ही होडी बाबांची. आता पाण्याची खोली दाखवायला पडद्याचं यंत्र होतं, तरी म्हाताऱ्यानं दोरीला बांधलेला जुना शिशाचा गोळा काही टाकू दिला नव्हता. योशिरोनं तो बाजूला सरकवला आणि त्याचा हात बुळबुळीत झाला. गोळ्याच्या बुडाला एक खळगा असतो. पूर्वीचे लोक त्यात चरबी भरून गोळा तळाशी सोडायचे, म्हणजे खाली वाळू आहे की चिखल ते चिकटून वर यायचं. पण ते पूर्वी. आता ह्यात ताजी चरबी कुणी भरली? बाबा आजारी पडायच्या आधी, मित्सुगुच्या दिवशी एकटेच होडी घेऊन गेले होते. दर वर्षी जायचे. फुलं सोडायला जातात असं घरात धरून चाललं होतं, आणि 'मी येऊ का' म्हटलं की ओरडायचे. म्हातारपणी माणूस कायकाय करतं, असं म्हणून योशिरोनं हात पँटला पुसला.

काझुमा धक्क्यावर येऊन उभा राहिला होता.

"उतरवायला आलास?" योशिरोनं विचारलं. "बाबांसारखा?"

"सिगरेट दे एक."

दोघं काठावर पाय सोडून बसले. पलीकडच्या टेकाडावर उड्डाणाच्या मनोऱ्याचे दिवे लागले होते. लहानपणी काझुमा ते दिवे मोजत झोपायचा. मित्सुगु गेला तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि त्या दिवशी सकाळी उडालेलं रॉकेट पाहून तो टाळ्या पिटत घरी आला होता. हे तो कुणाला सांगत नसे. योशिरोला माहीत होतं, पण त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. भांडणातसुद्धा नाही.

"तुला खरंच वाटतं ते सगळं?" योशिरो म्हणाला. "एवढं करण्याच्या लायकीचं आहे?"

"रोज वाटत नाही. कधी होड्या परत पाठवताना तोंड लपवावंसं वाटतं. तुझे दोस्त शिव्या घालतात मला, माहितीये ना?"

"मीपण घालतो."

"ठाऊक आहे." काझुमा हसला. "पण दादा, ह्या बेटावर आपण दुसरं काय केलं रे? मासे धरले, रताळी लावली, मेलो. एवढं एकच काम असं आहे की ज्यात आपला हात लागून काहीतरी इतक्या लांब जातं. मित्सुगुदादानं त्याच्यापायी जीव घालवला म्हणतोस ना? मग ते फुकटचंच होतं असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. फुकटचं असेल तर तोपण फुकटच गेला."

योशिरोला राग आला. "किंमत आपण द्यायची आणि लांब जायचं त्यांनी," तो म्हणाला. "मोठ्या शहरातल्या कुणाचं पोर गेलं ह्यात? सांग ना! समुद्र आमचाच बंद होतो."

"हो," काझुमा म्हणाला. "ते खरंय."

"मी आईला नाही म्हणणार नाही. एकच मागणं आहे तिचं."

"मग नको म्हणू," काझुमा म्हणाला, सिगरेट विझवली आणि निघून गेला.

*

पहाटे हात्सुए काळा किमोनो घालून धक्क्यावर आली. एका हातात बाबांच्या अस्थींतली थोडी राख, कागदात बांधलेली. सेत्सुको दुसरा हात धरून होती, काल सगळ्यांसमोर रॉकेटच्या विरोधात बोलली होती, आता मात्र वाटेत तीनदा म्हणाली, "आई, अजून विचार कर." पाणी तेलासारखं शांत होतं. इंजीन सुरू होतं. धक्क्यावर एकही होडी हलली नव्हती, सगळ्या बांधलेल्या.

होडीत योशिरो होता. आणि पुढच्या टोकाला, दोर हातात घेऊन, काझुमा.

"तू काय करतोयस इथं?" सेत्सुको ओरडली. "नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. आई, ये. हात दे."

"तुझं ते रॉकेट?"

"थांबेल." त्यानं मनोऱ्याकडं पाहिलं नाही, मुद्दामच पाहिलं नाही, आणि ते हात्सुएला कळलं. आईला काय कळत नाही? "दहा वर्षं राबलेत ते. पण त्यांना वडील आहेत त्यांचे. हे माझे आहेत. ये."

तिनं एक पाय उचलला. आणि तिथंच, त्याच दगडावर, तिला इवाओ दिसला. भूतबीत नाही, आठवण. ह्याच जागी उभा राहून त्यानं मित्सुगुला खाली ओढलं होतं आणि ती मागं उभी राहून मनात म्हणाली होती, जाऊ दे ना रे पोराला, कुणाचं काय अडतंय! शब्दासाठी उतरवलं असं ती इतकी वर्षं धरून होती. पण बंद समुद्र म्हणजे नुसता शब्द नव्हता. वरून जळतं लोखंड पडतं म्हणून तो बंद असतो. जाऊ दिलं असतं आणि काही झालं असतं, तरी तिनं त्यालाच धरलं असतं. उतरवलं म्हणूनही त्यालाच धरलं. त्यानं करायचं तरी काय होतं?

समोर होडीत तिचे दोन मुलगे होते. उरलेले दोन.

"उतरा," ती म्हणाली.

"आई?"

"उतरा म्हटलं ना! दोघंही. इंजीन बंद कर, योशिरो. एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?"

आपल्या तोंडून कुणाचे शब्द निघाले ते तिला निघाल्यावर कळलं. ती तिथंच धक्क्यावर बसली, कागदाची पुडी छातीशी धरून, आणि रडली. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. लोकांनी तेव्हा बोलूनही दाखवलं होतं.

*

भटजींचं पठण संपायला दुपार झाली. सगळे टेकडीवरच्या थडग्याशी गेले. लाउडस्पीकर गावाला बजावत होता की समुद्रावर कुणी जाऊ नये. योशिरोनं आणि काझुमानं मिळून खालची दगडी फळी सरकवली. आत अंधार, ओल, आणि मित्सुगुचं मडकं एकटं.

"बाबांना ह्याच्या शेजारी ठेवू," योशिरो म्हणाला आणि मडकं जरा सरकवायला हात घातला. ते हललं नाही. त्यानं दोन्ही हात लावले. "एवढं जड? ह्यात नाळच आहे ना, आई?"

"नाळेची डबी. बोटाएवढी."

त्यानं मडकं बाहेर काढून झाकण उघडलं. आत गळ्यापर्यंत वाळू होती. बारीक, करडी, शिंपल्यांचा चुरा मिसळलेली. आणि तिच्यावर ती लाकडी डबी ठेवलेली, जणू कुणी दर वेळी काढून पुन्हा वर ठेवत असावं.

"ही किनाऱ्यावरची नाही," काझुमा म्हणाला. "आपल्याकडची काळी असते."

योशिरोनं वाळूत बोट घातलं आणि नाकाशी नेलं. चरबीचा वास. त्याचा चेहराच बदलला. "खडकांच्या ओळीपाशी तळाला अशी वाळू आहे," तो म्हणाला. "आई, बाबा... ते फुलं सोडायला जात नव्हते. शिशाचा गोळा सोडत होते. होडी सापडली तिथं. दर वर्षी. एका वेळी चिमूटभरच येते वर, दिवसभर सोडत बसले असतील."

"म्हणूनच ते थडगं झाडायला एकटेच यायचे," सेत्सुको म्हणाली. "दुसऱ्या दिवशी. मी म्हणायचे, बाबांना झाडायची फार हौस."

हात्सुएनं मडक्यात हात घातला, मनगटापर्यंत. वाळू थंड होती. जाऊन पोराला घेऊन ये, असं तिनं त्याला कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. सांगण्याइतकं बोलणंच उरलं नव्हतं. तो न सांगताच जात राहिला होता, आणि आणल्यावर तिला सांगायची त्याची छाती झाली नव्हती. त्यानं सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. हे तिला पक्कं माहीत होतं.

"मेल्या," ती मडक्याला म्हणाली, "एकदा तरी बोलायचंस."

मग तिनं पुडी सोडली आणि इवाओची राख त्या वाळूत ओतली, बोटांनी हलकेच कालवली, आणि नाळेची डबी वर ठेवली. झाकण तिनंच लावलं.

मडकं आत गेलं, शेजारी बाबांच्या अस्थी ठेवल्या, तेव्हाच टेकाडामागं उजेड झाला. आवाज मागाहून आला, आधी पायांतून, मग छातीतून. भटजी उदबत्ती धरून थांबले. योशिरोनं पाठ फिरवली नाही की वरही पाहिलं नाही, तो फळी बसवत राहिला. काझुमा मान वर करून उभा होता आणि डोळे पुसत नव्हता. सेत्सुकोनं त्याचा हात धरला.

धुराची रेघ समुद्रावरून वाकत गेली, खडकांच्या ओळीच्याही पलीकडं. हात्सुएच्या नखांत वाळू अडकली होती. ती तिनं झटकली नाही.

"सहा वर्षं म्हणालास ना?" तिनं विचारलं.

"हो, आई."

"चिमूटभरच?"

"चिमूटभरच."

ती ठिपका दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली. "मी नसेन तेव्हा," ती म्हणाली. "आणली की इथं येऊन सांग मला. तुझ्या बाबालाही सांग. आणल्यावर गप्प बसू नका रे, कुणी गप्प बसू नका."